ससा नसलेला शर्ट

क्लबनं पाठवलेला नवा मुलगा दारात उभा राहिला, की मेव्हिस ऑग्डेन आधी त्याच्या पायांकडे बघे. शेजाऱ्यांना वाटे, बाई खेळाडूचे पाय पारखतेय. ती बघत असे बुटांचा चिखल.

“बूट तिथं ठेव, बाळा. बॅग इथं. आणि तू आत ये, चहा गार होतोय.”

एवढं झालं की तो मुलगा त्या घरचा.

कॅल्डरबेक टाउन हा फुटबॉल क्लब तसा गरीबच. गिरण्या बंद पडल्या तसा गावाबरोबर तोही खाली आला आणि लीगच्या अगदी तळाच्या पायरीवर तग धरून राहिला. बाहेरगावाहून आलेल्या कोवळ्या पोरांना हॉटेलात ठेवणं त्याला परवडत नसे. तशी तिथली रीतही नव्हती. अशी पोरं गावातल्या एखाद्या बाईच्या घरी ठेवायची. त्यांचं खाणंपिणं, कपडे, घरची आठवण येऊन रडू आलं तर तेही, सगळं त्या बाईनं बघायचं. मेव्हिसचा नवरा क्लिफ गेला आणि मागची खोली रिकामी झाली, तेव्हापासून तिच्याकडे ही पोरं येऊ लागली आणि येतच राहिली. ग्लासगोचा एक लाजाळू गोलकीपर, डब्लिनची जुळी भावंडं, लोणच्याच्या बरणीतलं पाणी पिणारा एक पोलिश मुलगा. कुणी मोठ्या क्लबात गेलं, कुणी घरी परतून विटा रचायला लागलं. नाताळात कार्डं मात्र सगळ्यांची येत. सगळ्यांचीच ती ‘मिसेस ओ’.

मेव्हिसला एकाच गोष्टीचा अभिमान होता. तिच्या घरातून जो गेला तो आपल्या पायांमुळे गेला. पाय फार चांगले निघाले म्हणून, नाहीतर पुरेसे चांगले निघाले नाहीत म्हणून. दारूपायी, उपासमारीपायी, एकटेपणापायी एकही मुलगा तिनं गमावला नव्हता.

मालांग गुदियाबी आला तो जानेवारीत. सेनेगालच्या दक्षिणेकडचा, मधली काही वर्षं फ्रान्समध्ये काढलेला. अंगानं किडकिडीत, पण मैदानाच्या डाव्या कडेनं बॉल घेऊन पळायला लागला की समोरचा खेळाडू चुकीच्या बसमध्ये चढल्यासारखा मागे वळून बघत राही. करार मे महिन्यापर्यंतचा. तेवढ्यात मैदानावर काही करून दाखवलं तर पुढचा करार, नाहीतर विमानाचं परतीचं तिकीट.

पहिल्याच संध्याकाळी त्यानं विचारलं, “मिसेस ओ, मक्का कुठल्या बाजूला येईल?”

“मक्केचं मला ठाऊक नाही, बाळा. पण सकाळचं ऊन त्या खिडकीतून येतं. येतं तेव्हा.”

मालांगनं फोनवर दिशा पाहिली. ती नेमकी कपाटाच्या दारावर येत होती. काही हरकत नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी सरावाहून परतला तर कपाट दुसऱ्या भिंतीला.

“अहो, एकटीनं सरकवलंत?”

“मग काय? प्रार्थना करायची ती कपाटाकडे तोंड करून? आत क्लिफचे कोट आहेत. क्लिफ चांगला होता, पण इतका नाही.”

तिनं मटण दुसऱ्या, हलाल खाटकाकडून आणायला सुरुवात केली. मालांगला दर शुक्रवारी मशिदीत नेणाऱ्या टॅक्सीवाल्या झुल्फिकारच्या भावाचं ते दुकान. मटण बदललं, पण वर तोच बटाट्याच्या चकत्यांचा थर, ओव्हनमध्ये भाजलेलं तेच तिचं हॉटपॉट. मालांगनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि तिसऱ्यांदा ताट पुढे केलं, तेव्हा मेव्हिसच्या लेखी तो मुलगा परीक्षेत उतरला होता.

सरावाच्या बनियनवर गावातल्या खिमा-पेस्ट्री करणाऱ्या बेकरीचं नाव असायचं, त्यामुळे पहिले काही दिवस कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी खरा शर्ट हातात आला. गर्द हिरवा, सुंदर, आणि छातीवर उडी मारणारा भलामोठा पिवळा ससा. खाली अक्षरं: मॅडहेअर. मालांगनं शेजारच्या खेळाडूला विचारलं, हे काय विकतात? तो हसला. विकत नाहीत रे, पैज लावून घेतात. कोण गोल करेल, कोण पडेल, कुणाला पिवळं कार्ड मिळेल, सगळ्यावर. फोनवरून. झोपेतसुद्धा लावता येते.

मालांग घरी आला तो शर्ट दोन्ही हातांवर आडवा धरून. पानात नको ते वाढलं गेल्यावर माणूस ताट धरतो तसा.

“मिसेस ओ, हे जुगाराचं आहे.”

“आहे खरं.”

“मी हे छातीवर घालणार नाही.”

मेव्हिस बटाटे सोलत होती. सोलता सोलता तिनं विचारलं, “दुसऱ्या क्लबांतली तुमच्यातली मुलं घालतात ना रे?”

“घालतात. त्यांना मी काही म्हणत नाही. त्यांचा जाब ते देतील. मला माझा द्यायचाय.” मग म्हणाला, “माझी आई तिकडे फोनवर मॅच बघणार. विचारेल, पोरा, छातीवर ससा कशाला? मी काय सांगू? खेळणी बनवतात म्हणून सांगू?”

“आईशी खोटं बोलू नये,” मेव्हिस म्हणाली. “शिवाय आयांना कळतंच. जेव आधी.”

जेवताना तिनं त्याला आपल्या चॅपेलची गोष्ट सांगितली. मेव्हिस मेथडिस्ट पंथाची ख्रिश्चन. त्यांच्यात दारू नाही, पत्ते नाहीत, जुगार तर नाहीच नाही. छप्पर गळायला लागलं तेव्हा नव्या पाद्र्यानं बिचाऱ्यानं साधी एक सोडत काढायचं सुचवलं. चिठ्ठ्या विकायच्या, ज्याचा नंबर निघेल त्याला जॅमची टोपली. तर शिवणमंडळातल्या म्हाताऱ्या एकेक करून उठून बाहेर गेल्या, अगदी काठ्या टेकत. शेवटी ‘केकचं वजन ओळखा’ यावर तडजोड झाली.

“पण तेही नशीबच ना?” मालांगनं विचारलं.

“छे! तो अंदाज. अंदाजाला अक्कल लागते. एनिडनं अर्धा तास केककडे टक लावून पाहिलं होतं.”

मालांग पहिल्यांदाच त्या घरात खळखळून हसला.

क्लबात मात्र कुणी हसलं नाही. मॅनेजरला, म्हणजे सगळे ज्याला ‘गॅफर’ म्हणत त्या माणसाला, मुलगा हवा होता, पण शर्टाचा निर्णय त्याच्या हातात नव्हता. तो होता अध्यक्षांच्या, बॅरी क्रॅबट्रीच्या हातात. क्रॅबट्रीनं सांगितलं, कंपनीशी करार झालाय. मैदानावरच्या प्रत्येक शर्टावर ससा. पट्टी चिकटवून झाकायचा नाही, खरवडायचा नाही. घालत नसेल तर बसू दे.

मालांग बसला. क्लबनं जाहीर केलं, मांडीचा स्नायू दुखावलाय.

याचा सगळ्यात जास्त राग आला तो मेव्हिसला. जो तो रस्त्यात तिला थांबवून मांडीची चौकशी करी. “तुमच्या पोराची मांडी कशी आहे?” “माझ्या जिन्यावरून दिवसभर वरखाली उड्या मारतेय,” ती म्हणे, “तुमचीच दाखवून घ्या डॉक्टरला.” आठवड्यामागून आठवडे गेले. टाउन हरत राहिलं. मार्च संपता संपता खरी गोष्ट गावच्या पेपरात आली आणि खिमा-पेस्ट्रीच्या टपरीसमोरच्या रांगेला चघळायला विषय मिळाला.

“एवढा देवभोळा असेल तर मशिदीकडून खेळ म्हणावं,” लेन हार्गरीव्ह मोठ्यानं म्हणाला. मेव्हिस त्याच्या मागेच उभी होती.

“लेन, तू चॅपेलमध्ये शेवटचा आलास तो तुझ्या लग्नाला. आणि तेव्हाही उशिरा. पुढे सरक, रांग अडलीये.”

रांग हसली. पण हसून झाल्यावर कुणीतरी मागून हळूच म्हणालं, “काही म्हणा मेव्हिस, आपण लीगमधून खाली घसरलो तर त्या सशापायी नाही घसरणार, त्या पोराच्या हट्टापायी घसरू.” मेव्हिसनं पेस्ट्री घेतलीच नाही, तशीच घरी आली.

घरी मालांगनं अंगण झाडून ठेवलं होतं. खेळायला मिळत नाही म्हटल्यावर त्याला हात कुठे ठेवावेत कळेना. त्यानं गटार साफ केलं, शेजारणीचं कुंपण रंगवलं. मेव्हिसला ते बघवेना. ज्याचे पाय उत्तम आहेत असा एक मुलगा आपल्या घरातून असाच परत जाणार होता.

आणि मग एप्रिलअखेरचा तो गुरुवार आला. गुरुवारी चॅपेलच्या मागच्या खोलीत शिवणमंडळ बसे. चहाची मोठी किटली मेव्हिसला उचलवेना, म्हणून तिनं मालांगला सोबत नेलं. त्यानं किटली ठेवली, खुर्च्या मांडल्या, सगळ्यांना नमस्कार केला. एनिड रॅम्सडेननं त्याला केकचा मोठा तुकडा दिला. तो खात खात मालांग खोलीभर बघत होता. त्याची नजर दाराजवळच्या खुंट्यांवर गेली आणि तिथेच थांबली.

खुंट्यांवर कोट लटकत होते. कॅल्डरबेकचा वारा हाडं फोडतो, आणि क्लबच्या दुकानातला कापूस भरलेला हिरवा कोट गावात सगळ्यात ऊबदार. त्या वर्षी म्हाताऱ्यांनी एकमेकींचं बघून सगळ्यांनी तोच घेतला होता. प्रत्येक कोटाच्या छातीवर शिवलेला पिवळा ससा. एकाशेजारी एक, सगळे एकाच दिशेनं उड्या मारत निघालेले, आणि वर भिंतीवर चौकटीत भरतकाम केलेली दहा आज्ञांची पाटी.

“मिसेस ओ,” मालांग केक गिळत म्हणाला, “इथं ससे बरेच आहेत.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला.

एनिड म्हणाली, “अगं बाई, पण आपण कुठे पैजा लावतो? ही नुसती जाहिरात.”

“त्याच्याही शर्टावर नुसती जाहिरातच आहे, एनिड,” मेव्हिस म्हणाली.

“आपण ऊब म्हणून घेतले.”

“हो. आणि जॅमच्या टोपलीसाठी उठून बाहेर गेलो.”

कुणीतरी खोकलं. एनिडचे गाल लाल झाले. ती उठली, खुंटीवरून आपला कोट काढला, टेबलावर उताणा पसरला आणि शिवणाच्या डब्यातून उसवणी काढली. “आँ करून काय बघताय?” ती म्हणाली. “चष्मे लावा.”

दुपारभर म्हाताऱ्या ससे उसवत बसल्या. त्या हातांनी एके काळी गिरणीत तुटलेले धागे जोडले होते. सोडवायला त्यांना किती वेळ लागणार? सशांचा पिवळा ढीग टेबलावर साचला. “यांचं काय करायचं?” “जाळा.” “नको, वास येईल.” कोटांवर मात्र सशाच्या आकाराची गडद हिरवी सावली राहिलीच.

“राहू दे,” मेव्हिस म्हणाली. “आपल्याला आठवण.”

दुसऱ्या दिवशी तोच कोट घालून ती क्लबच्या कचेरीत गेली. बॅरी क्रॅबट्री मोठा माणूस, गाड्यांची दोन शोरूम. पण कधीकाळी तो चॅपेलच्या रविवारच्या शाळेत मेव्हिससमोर मांडी घालून बसला होता, आणि ती आत आली की त्याला अजूनही नखं तपासली जातील असं वाटे.

“बसा, मिसेस ऑग्डेन.”

“बसत नाही. बॅरी, त्या मुलाला एक साधा शर्ट दे.”

“अहो, कारखाना साधा बनवतच नाही! सगळे ससा छापूनच येतात. आणि कंपनीचे पैसे नसते तर गेल्या वर्षीच मैदानावर घरं बांधली असती कुणीतरी. मला काय हौस आहे?”

“तुला हौस नाही हे ठाऊक आहे मला. तुला भीती आहे.”

“भीतीच म्हणा,” क्रॅबट्री कपाळ चोळत म्हणाला. “शेवटची मॅच जिंकलो नाही तर खाली जातोय. खाली गेलो की क्लब संपला. आणि तुम्ही मला कपड्यांचं सांगताय.”

“त्याला खेळव, म्हणजे जिंकशील.”

“ससा घालून आजच खेळवतो.”

मेव्हिस बाहेर आली. बॅरी काही दुष्ट नव्हता, आणि तेच वाईट होतं. दुष्ट असता तर तिला झोडपता आलं असतं.

शुक्रवार असल्यानं मालांगला मशिदीत न्यायला झुल्फिकारची टॅक्सी दारात उभी होती. मागच्या सीटवर त्याची मुलगी सनोबर बसली होती, खाली मान घालून बुटाची नाडी बांधत. अंगात टाउनचा हिरवा शर्ट. तिनं मान वर केली आणि मेव्हिस टॅक्सीचं दार धरून जागच्या जागी थिजली.

“सनोबर, तुझा ससा कुठे गेला गं?”

“नाहीच आहे,” मुलगी म्हणाली.

“तुझ्या अब्बांनी काढला?”

झुल्फिकार हसला. “आंटीजी, मी कशाला काढतोय? लहान मुलांच्या शर्टावर नसतोच तो. जुगाराची जाहिरात मुलांना चालत नाही, कायदा आहे. म्हणून तर मी तिला दर वर्षी बिनधास्त घेऊन देतो. माझा मात्र तीन वर्षांपूर्वीचा, ससा यायच्या आधीचा आहे.”

“आणि मुलांचा शर्ट केवढा मोठा मिळतो?”

“थोरलीचा आहे ना, पंधरा वर्षांच्या मापाचा. तोच सगळ्यात मोठा.”

मेव्हिसनं वळून मालांगकडे बघितलं. तो फाटकातून येत होता. आयुष्यभर पोरांचे शर्ट धुतले, वाळवले, इस्त्री केले होते तिनं. तिनं नुसत्या डोळ्यांनी त्याचे खांदे मोजले. “बाळा,” ती म्हणाली, “आजपासून केक बंद.”

नमाज होईपर्यंत ती क्लबच्या दुकानातून शर्ट घेऊन आली होती. स्वयंपाकघरात मालांगनं तो चढवला. काखेत काचत होता, बाह्या दंडावर चढल्या होत्या, खालून कंबर झाकता झाकता राहत होती. पण हिरवा तोच, क्लबचं चिन्ह तेच, आणि छाती स्वच्छ.

“हात वर कर. श्वास घे.”

“घेता येतोय. थोडा.”

“पळायला थोडा पुरतो?”

मालांगनं स्वतःच्या छातीवरून हात फिरवला. “मिसेस ओ, यात मी समुद्र पोहून जाईन.”

तिनं शर्टाच्या पाठीवर इस्त्रीनं अकराचा आकडा चिकटवला आणि गॅफरला घरी चहाला बोलावलं. गॅफर शर्टाकडे बघत बराच वेळ चमच्यानं चहा ढवळत बसला. “रेफ्रीला रंग दिसला, आकडा दिसला की झालं,” तो म्हणाला. “क्लबचाच शर्ट आहे, क्लबच्याच दुकानातला. मला चालतोय. क्रॅबट्रीसाहेबांना कोण सांगणार?”

“मी एकटी नाही सांगत,” मेव्हिस म्हणाली. “एकदा सांगून बघितलं.”

सोमवारी सकाळी शिवणमंडळ क्लबच्या दुकानात शिरलं. वयानुसार सगळ्या आटलेल्या. एनिड तर उभी राहिली तरी बसल्यासारखी दिसे. त्यांना मुलांचे शर्ट छान होत. एनिडला बारा वर्षांचं माप सैलच झालं. “चौदाव्या वर्षी गिरणीत लागले तेव्हा याहून जाड होते मी,” ती आरशात बघून म्हणाली. दुपारी झुल्फिकार टॅक्सीवाल्यांची फौज घेऊन आला. त्यांना काही ते शर्ट होणार नव्हते. त्यांनी घरातल्या यच्चयावत पोरांना घेतले. मग शाळेतल्या बाया आल्या. मग ज्यांच्या घरात फोनवरच्या पैजांनी सुखाचा घास गिळू दिला नव्हता अशाही आल्या, आणि त्या फारसं काही बोलल्या नाहीत, फक्त शर्ट घेतले. बुधवारी लेन हार्गरीव्ह आला. त्याचं पोट बघून दुकानातली मुलगी म्हणाली, “लेनकाका, हा तुम्हाला डोक्यात तरी जाईल का?” “घालायला कोण म्हणतंय?” लेन गुरगुरला. “गळ्यात बांधीन.” मुलांचे शर्ट संपले.

क्रॅबट्री खाली आला तो रिकाम्या मांडणीसमोर उभा राहिला. शेजारी मोठ्या मापाचे शर्ट, सगळे ससे, एकही न हललेला. समोर मेव्हिस, आणि तिच्यामागे मुलांच्या शर्टांतल्या म्हाताऱ्यांची रांग, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी.

“मिसेस ऑग्डेन, हे काय चालवलंय?”

“खरेदी. बॅरी, आता तू त्या कंपनीला फोन लाव. त्यांना विचार, जे तुम्ही लहान मुलांपुढे धरायला धजत नाही ते एका मोठ्या माणसानं नको म्हटलं, तर तुमची नेमकी हरकत काय? आणि उत्तर नीट ऐक. पेपरचा बातमीदार बाहेर उभा आहे, त्याला जसंच्या तसं सांगावं लागेल.”

क्रॅबट्रीनं तिच्याकडे बघितलं, रिकाम्या मांडणीकडे बघितलं, एनिडकडे बघितलं. एनिडनं बारा वर्षांच्या मापातून त्याच्याकडे असं काही रोखून बघितलं, की तो फोन लावायला आत गेला. काचेतून दिसत होतं, तो बोलत होता थोडं आणि ऐकत होता जास्त. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हरलेल्या माणसाचं हसू नव्हतं. वर्गात बरोबर उत्तर आलेल्या मुलाचं होतं.

“म्हणतात, एका शर्टासाठी पेपरात जायची त्यांची इच्छा नाही. खेळू दे म्हणाले.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मॅचनंतर बघू पुढचं. पण मिसेस ऑग्डेन, हरलो ना, तर मी गाव सोडून तुमच्याकडेच राहायला येईन.”

“बूट बाहेर काढावे लागतील,” मेव्हिस म्हणाली.

शेवटच्या मॅचला मैदान कधी नव्हतं इतकं भरलं. मालांग मैदानात आला तेव्हा पाहुण्यांच्या बाजूनं हशा उसळला. बेंबी दिसेल-न-दिसेल असा शर्ट, दंडावर चढलेल्या बाह्या. त्यांना गोष्ट ठाऊक होतीच. हजार गळ्यांतून सूर निघाला, “शाळा कुठली रे तुझी? शाळा कुठली रे तुझी?”

मेव्हिसनं हाताची घडी घातली. शेजारी एनिड, पलीकडे सनोबर, तिच्यापलीकडे झुल्फिकार. अर्धा वेळ गेला तरी काही घडेना. मालांगला बॉल मिळे, पण महिनोन्महिने बाकावर बसलेले पाय. एकदा घसरला, एकदा बॉल सरळ बाहेर गेला. मागून कुणी म्हणालं, “एवढं सगळं यासाठी?” मेव्हिस वळली नाही. तिनं नुसतं पायांकडे बघितलं. या वेळी खरंच पायांकडे. ते हळूहळू मोकळे होत होते, पंप उघडल्यावर आधी हवा येते आणि मग पाणी, तसे.

दुसऱ्या अर्ध्यात पाहुण्यांनी गोल केला. मैदान गप्प. फक्त तिकडून गाणं, शाळा कुठली, शाळा कुठली.

मग मालांगनं डाव्या रेषेवर बॉल घेतला. समोरच्यानं शर्ट धरायचा प्रयत्न केला, पण त्या शर्टाला धरायला सैल असा भागच नव्हता. चिमटीत काही आलं नाही. मालांग निसटला, दुसऱ्याला वळसा, आणि आत सोडलेला बॉल टाउनच्या बुटक्या कप्तानानं डोक्यानं जाळ्यात घातला. एक-एक. एनिडनं झुल्फिकारला मिठी मारली. मिठी त्याच्या पट्ट्यापाशी पोहोचली.

पण बरोबरी पुरणार नव्हती. वेळ सरत चालला. रेफ्री घड्याळ बघू लागला. लोक उभे राहिले, नखं खाऊ लागले, काही पाठ करून उभे राहिले. क्रॅबट्री आपल्या मऊ खुर्चीतून उठून पायऱ्यांवर येऊन बसला होता. आणि मालांगला पुन्हा बॉल मिळाला, पार आपल्या अर्ध्यात. तो पळायला लागला. एक मागे पडला. दुसरा मागे पडला. “जा,” मेव्हिस म्हणाली, आधी पुटपुटत, मग चॅपेलमध्ये कधी काढला नव्हता अशा आवाजात, “जा रे! जा माझ्या राजा!” गोलकीपर पुढे आला. मालांगनं डाव्या पायानं बॉल त्याच्या अंगावरून असा हलकेच उचलला, जसा तो तिच्या स्वयंपाकघरात तव्यावरचा पॅनकेक उलटत असे. बॉल आत जाऊन पडला.

मैदानाचा आवाज डोंगरापलीकडच्या गावात ऐकू गेला म्हणतात. मालांग गुडघे टेकून, कपाळ हिरवळीला लावून क्षणभर तसाच राहिला. सगळा संघ त्याच्यावर कोसळला. आणि घरच्या बाजूनं, लेन हार्गरीव्हपासून सुरू होऊन, पाहुण्यांना उत्तर गेलं, “शाळा सुटली! शाळा सुटली!”

टाउन वाचलं.

घरी हॉटपॉट ओव्हनमध्ये होतं आणि टेबलाभोवती एनिड, झुल्फिकार, सनोबर बसले होते. मालांग आला तो ओव्हरकोट घालून. कोट काढला तर आत तोच शर्ट, घामानं अंगाला चिकटलेला.

“अरे, बदलला नाहीस?”

“निघत नाही,” मालांग म्हणाला. “सगळ्यांनी ओढून बघितलं. पाहुण्यांच्या कप्तानाला शर्टांची अदलाबदल करायची होती, तो पण ओढून गेला.”

“कात्री आणू?” एनिड उठली.

“खबरदार!” मेव्हिस आणि मालांग एकदम म्हणाले.

“खाली बस,” मेव्हिस मालांगला म्हणाली. “हात वर.” त्यानं लहान मुलासारखे हात वर केले. तिनं खालून शर्ट धरला आणि वर खेचला. तो खांद्यांपर्यंत आला, तिथं अडकला, आणि मालांगचं डोकं आतच राहिलं. हिरव्या कापडातून आवाज आला, “मिसेस ओ, क्रॅबट्रीसाहेब आत आले होते. दोन वर्षांचा करार म्हणाले. आणि कारखान्याला सांगून माझ्या मापाचा शर्ट. साधा. कंपनीनं हो म्हटलंय.”

मेव्हिसचे हात थांबले.

“काय म्हणालास?”

“आधी बाहेर काढा, मग सांगतो!”

“नाही,” मेव्हिस म्हणाली, आणि शर्ट घट्ट धरून ठेवला. तिचे डोळे वाहत होते आणि त्याला ते दिसायला नको होते. “आधी पुन्हा सांग. मोठ्यानं सांग, एनिडला कमी ऐकू येतं.”

त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग झुल्फिकारनं त्याची कंबर धरली, एनिडनं एक बाही, सनोबरनं दुसरी, आणि मेव्हिस म्हणाली, “हं, आता सगळे मिळून!”